पश्चिमेस रस्ता

घर स्वस्तात मिळतंय हे ऐकून मला आधी संशय आला. खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण मी एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात बावीस वर्षं काढली आहेत, आणि तिथं एक गोष्ट अंगात मुरते: स्वस्त घराला काहीतरी लागलेलं असतं. ओल, वाळवी, भाऊबंदकी, नाहीतर भूत. यातलं भूत सगळ्यात परवडतं, कारण ते कोर्टात जात नाही.

आम्ही नारायणगावात अठरा वर्षं भाड्यानं राहत होतो. चौथं घर चाललं होतं. दसऱ्याच्या आधी चौथ्या घरमालकानंही सांगून टाकलं, की इमारत पाडून तो कॉम्प्लेक्स बांधणार आहे, दिवाळी झाली की खोल्या मोकळ्या करा. आमचे हे द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर आहेत आणि स्वभावानंही तितकेच थंड. ते म्हणाले, "बघू." हे 'बघू' म्हणतात तेव्हा बघायचं मला असतं. येडगावला सासरचं घर आहे, पण ते उसातल्या वस्तीवर. तिथं आमच्या वाट्याला गोठ्याशेजारची एक खोली, आणि बिबट्याची जायची-यायची वाटही तीच. आता भाड्याचं पाचवं घर बघायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. जे काय असेल ते, पण स्वतःचं.

एजंटनं ओढ्याकडच्या जुन्या कॉलनीतलं घर सुचवलं. पस्तीस वर्षांपूर्वी काही नोकरदारांनी सोसायटी करून तिथं प्लॉट पाडले होते. त्यातल्या एका रांगेत आठ घरं, एकाला एक लागून. रांगेचं पश्चिमेचं टोक मोठ्या रस्त्याला भिडतं आणि पूर्वेचं टोक ओढ्याला. आमचं घर ओढ्याच्या टोकाचं. खांबावर तेलरंगात 'एक' आकडा. मालक पुण्याला मुलाकडं राहायला गेले होते आणि घर विकून मोकळं व्हायची त्यांना घाई होती.

कॉलनी मला पाहताक्षणी आवडली, हे आधीच सांगून टाकते. दारोदारी जुनी झाडं, जांभूळ, नारळ, रामफळ. रिटायर माणसं ओट्यावर पेपर वाचत बसलेली. गल्लीत अनोळखी गाडी शिरली की सगळे पेपर एकदम खाली यायचे. समोरच्या ओट्यावरच्या काकांनी आम्ही आत जाताना विचारलं, "घर बघायला का?" आणि तासाभरानं बाहेर पडताना सांगितलं, "पाण्याला प्रेशर नाही." मधल्या तासात त्यांनी पान उलटलं नव्हतं.

घर मात्र मी सोडलं नाही. रुपयाच्या नाण्यानं भिंती ठोकून बघितल्या. पर्समधली किल्ली काढून चौकटींच्या बुडाशी खुपसली, दोन चौकटी भुसभुशीत निघाल्या. बाथरूमच्या छताचं प्लास्टर पडून गज दिसत होते. स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा होता, त्याला मधोमध चीर. खाली शहाबादी फरशी, तीही एका कोपऱ्यात खचलेली. एजंट माझ्या मागं मागं फिरत होता.

"ताई, तुमी घर घेताय का पोस्टमार्टम करताय?" तो म्हणाला.

"दोन्ही," मी म्हटलं. हे दारात चप्पल घालून तयार उभे होते. माझ्यामुळं चारचौघात लाज वाटली की ते चप्पल घालतात.

तरी सगळं धरून घर बरं होतं. डागडुजी झाली असती. खिडकीतून ओढ्याकडची हवा येत होती. देव कुठं मांडायचे ते मी मनात ठरवूनही टाकलं होतं, आणि मग गच्चीवर गेले.

सोबत जुन्या खरेदीखताची झेरॉक्स होती. खरेदीखतात जागेच्या चारही बाजूंना काय आहे ते लिहिलेलं असतं, त्याला चतुःसीमा म्हणतात. ती लिहितात सगळे, वाचत कुणी नाही. मीही वाचली ती काही शहाणपणानं नाही. दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर येईल आणि तिथं शेजाऱ्यांच्या घराचा आडोसा आहे का, एवढंच मला बघायचं होतं.

'पूर्वेस प्लॉट नंबर दोन. पश्चिमेस रस्ता.'

मी पश्चिमेला बघितलं. रस्ता नव्हता. शेजारणीचं स्वयंपाकघर होतं आणि लसणाच्या फोडणीचा वास येत होता. पूर्वेला वळले. तिथं प्लॉट नंबर दोन नव्हता. ओढा होता आणि ओढ्यात एक म्हैस बसली होती. माझंच काहीतरी चुकतंय म्हणून मी सूर्याकडं बघितलं. सूर्य बरोबर होता.

एजंट जिना चढून वर आला तेव्हा मी कागद त्याच्यापुढं धरला. त्यानं कागदाकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं.

"वाचली व्हय तुमी?" तो म्हणाला.

म्हणजे त्याला माहीत होतं. मी आवाज चढवल्यावर त्यानं खाली काकांकडं एक नजर टाकली आणि हळू आवाजात सांगायला लागला.

"त्याचं असं झालं ताई. नकाशावाल्यानं नंबर टाकले रस्त्याकडनं. रस्त्यालगतचा एक, वढ्यालगतचा आठ. पण भूमिपूजनाला गुरुजी म्हणाले, शुभ काम पूर्वेकडनं धरावं. म्हणून नारळ फुटला हितं, वढ्याच्या टोकाला. मंग ज्याच्या चिठ्ठीत एक नंबर आला त्यो नारळापाशी येऊन उभा राहिला. दोन नंबरवाला त्याच्या शेजारी. असे आठ जण वळीनं उभे राहिले अन् जो जिथं उभा व्हता तिथं त्यानं घर बांधलं. नकाशा पिशवीतच राहिला."

"म्हणजे हे घर..."

"हे घर कागदावर आठ नंबरच्या म्हातारीचं. अन् तुमी घेताय त्यो कागद पार त्या टोकाच्या घराचा. रोड टच."

मी टाकीच्या कट्ट्यावर बसले. आठ घरं! पस्तीस वर्षं आठ कुटुंबांनी एकमेकांच्या जागेत संसार केले, पोरांची लग्नं लावली, दर दिवाळीला दुसऱ्याच्या भिंतींना रंग दिले. घरपट्टीचं बिल पाटीवरच्या नंबराप्रमाणं येत होतं, ते प्रत्येकानं वेळच्या वेळी भरलं. आणि सगळी शिकलेली, नोकरदार माणसं!

"इतक्या वर्षांत कुणालाच कळलं नाही?" मी विचारलं.

"दोघा-तिघांना ठावं हाय की. पण बोलणार कोण? कागद बघणारे जागा बघत न्हाईत, अन् जागा बघणारे कागद."

हे तो सहज बोलला, पण मला चटका बसला. याच रांगेतल्या सहा नंबरच्या घराला मी स्वतः कर्ज मंजूर करवलं होतं. 'प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली, चतुःसीमा जुळतात,' असं फाइलवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, खाली सही. त्या दिवशी मी काय केलं होतं तेही आठवलं. ओट्यावर बसून चहा घेतला, त्यांच्या सुनेनं केलेल्या चकल्या खाल्ल्या, दारावरचा नंबर बघितला आणि परत आले. बावीस वर्षं मी लोकांना ऐकवत आले आहे की मला कुणी फसवू शकत नाही. कुणी फसवायची गरजच नव्हती.

खरा धक्का तर पुढं होता. जिना उतरता उतरता एजंट म्हणाला, "ताई, एक सांगू का? गप बसा. खरेदीखत हाय असं होऊ द्या. सहा महिन्यांनी सरकारी मोजणी आणा. कागद तुमच्या बाजूनं बोलंल. ह्या घराच्या भावात कोपऱ्याचं घर पदरात पडंल. म्हातारी एकटीच असती, पोरगा तिकडं भोसरीला. ती काय भांडणार?"

"लाज वाटत नाही का?" असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बघू."

घरी येताना एजंटचं बोलणं मी ह्यांच्या कानावर घातलं. संध्याकाळी मी पिठलं टाकलं, हे भिंतीला टेकून बसले होते. आमचे हे म्हणजे कुणाच्या बांधावरची काकडीसुद्धा न तोडणारा माणूस. तेच म्हणाले, "रस्त्याच्या अंगाला दोन गाळे निघतील."

आणि मी म्हणाले, "तीन."

मला खोटं लिहायचं नाहीये. त्या पिठल्यासमोर उभं राहून मी गाळ्यांची शटरं कुठल्या रंगाची असावीत तेसुद्धा ठरवलं. कोर्टात गेलं तर पस्तीस वर्षांचा ताबा मोडणं सोपं नाही, हे मला नोकरीमुळं माहीत होतं. पण म्हातारी कोर्टात जाणारच नाही, या एजंटच्या वाक्यावर मी विसंबले होते. स्वतःला मी चांगलं माणूस समजत होते. पिठलं खाली लागलं तेव्हा भानावर आले.

तरीही रविवारी सकाळी मी त्या कोपऱ्याच्या घरी गेले ती काही खरं सांगायला गेले नव्हते. घर बघायला गेले होते. "आम्ही तिकडचं घर घेतोय, शेजार कसा आहे विचारावं म्हटलं," असं मी दारातच खोटं बोलले.

म्हातारी सत्तरीच्या पुढची, काटक, नऊवारी नेसलेली. "ये की बाई," म्हणून तिनं मला थेट आत नेलं. घर लख्ख होतं. मी पाणी पिता पिता स्वयंपाकघराची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजत होते. रस्त्याकडच्या खोलीची भिंत पाडता येईल की तिच्यावर स्लॅबचा भार आहे, ते बघत होते. दाराची चौकट मात्र घराच्या मानानं फार मोठी होती, काळी कुळकुळीत, सागाची.

"ती आमच्या गावाकडची," म्हातारी म्हणाली. "भीमाशंकराच्या अंगाला गाव व्हतं आमचं. धरणात गेलं. मालकांनी तेवढी चौकट काढून आणली टेम्पोत घालून. आल्या पैशात हा प्लॉट घेतला. ह्ये घर बांधताना चौकट आधी उभी केली, मंग भिंती."

मी "हो का" म्हणाले. आणि सवयीनं माझा हात भिंतीवर गेला, बोटाच्या पेरानं मी टकटक करून बघितलं. मला कळायच्या आत झालं ते.

म्हातारी थांबली. माझ्या हाताकडं बघत राहिली.

"तू शेजार बघायला न्हाई आली," ती म्हणाली. रागानं नाही. "घर बघायला आली."

मग मात्र मी सगळं सांगितलं. नकाशा, नारळ, उलटे नंबर, तिचा कागद ओढ्याकडच्या घराचा आणि मी घेतेय तो कागद तिच्या घराचा. भराभर सांगत गेले, कारण थांबले असते तर सांगता आलं नसतं. यातून मार्ग आहे, आठही जणांनी मिळून दुरुस्तीचा दस्त केला की ज्याचं घर त्याच्या नावावर होईल, हे शेवटी सांगायचं होतं. तिथवर मी पोचलेच नाही.

म्हातारी उठून आत गेली. ती आता काठी घेऊन येते की शेजाऱ्यांना हाका मारते, असं मला वाटलं. खरं सांगते, तिनं मला बडवलं असतं तर बरं झालं असतं. ती बाहेर आली ती हातात कापडी पिशवी घेऊन. त्यात तिचे सगळे कागद होते. पिशवी तिनं माझ्यासमोर फरशीवर ठेवली आणि समोर बसली.

"किती दिवस देताय?" तिनं विचारलं.

मला कळेना. "कशाला आजी?"

"खाली करायला. पोराला भोसरीला सांगावा धाडावा लागंल. चौकट काढायला सुतार लागंल. आठ दिस तरी द्या."

एक शब्द वाद नाही, एक शिवी नाही. 'माझं घर आहे' एवढंसुद्धा नाही. कुणीतरी कागद घेऊन दारात आलं, म्हणजे आता निघायचं, इतकंच तिला माहीत होतं. एजंट बरोबर बोलला होता, म्हातारी भांडणार नव्हती. आणि याच गोष्टीवर मी चार दिवस शटरांचे रंग ठरवत होते. मला स्वतःची इतकी शिसारी आयुष्यात कधी आली नाही. मी रडायला लागले तर तीच मला म्हणाली, "रडू नको बाई, तुझा काय दोष? कागदच तसा निघाला."

पुढं सगळं रांगेला लागायला आठ महिने गेले. मालकांना मी फोनवर स्पष्ट सांगितलं, की आधी दुरुस्ती, मग खरेदी. ते चिडले, पण बातमी फुटल्यावर दुसरं गिऱ्हाईक येणार नव्हतं, म्हणून थांबले. मी पतसंस्थेत जाऊन सहा नंबरच्या फाइलीबद्दल माझी चूक लेखी दिली आणि साहेबांची बोलणी खाल्ली. दर रविवारी एकेका ओट्यावर बसून नकाशा उलटा-सुलटा करून समजावला. दोन नंबरच्या घराचा कागद रस्त्यापासून दुसऱ्याच घराचा निघत होता, त्यांच्या मनात माझ्यासारखेच गाळे उगवले. त्यांच्याशी मी इतकी भांडले की काकांनी पेपर घडी करून ठेवला आणि मध्ये पडले. तोवर आमच्या खोल्या गेल्या होत्या. ते सगळे दिवस आम्ही येडगावला गोठ्याशेजारी काढले. संध्याकाळी बॅटरी आणि काठी घेतल्याशिवाय कुणी बाहेर पडत नव्हतं. ह्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. गाळ्यांचा विषय आम्ही दोघांनी पुन्हा काढला नाही.

शेवटी आठही घरं रजिस्टर ऑफिसात आली. म्हातारीचा मुलगा सुट्टी काढून आला होता. तिचा फोटो निघाला, मशीनवर अंगठा तीन वेळा लावावा लागला, कारण रेषा झिजल्या होत्या. क्लार्कनं दस्तावर शिक्के मारले. मुलानं तो कागद तिच्या हातात दिला. मी वाकून तिला चतुःसीमा वाचून दाखवली. पूर्वेस प्लॉट नंबर दोन, पश्चिमेस रस्ता.

"आता बरोबर आहे, आजी," मी म्हणाले. "घर तुमचं. आता कुणी उठवू शकत नाही तुम्हाला."

तिनं मान डोलावली. कागद तसाच हातात धरून ती माझ्याकडं बघत राहिली. माझं मन राखायला ती हो म्हणतेय, हे मला दिसत होतं.

"ते खरंय बाई," ती म्हणाली. "पण पुढच्या बारीला कागद बदलला, तर अशीच आधी येऊन सांग. मागं गावाकडं पाणी उंबऱ्याला लागल्यावर सांगितलं व्हतं."